लिनक्स संगणकाला क्वेस्ट हेडसेट जोडताना

मेटाचे क्वेस्ट हे आभासी वास्तवाचे (व्हीआर) हेडसेट लिनक्स संगणकाला बिनतारी जोडायचे असेल, तर वायव्हर्न हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरावे. क्रोनोस या उद्योगसमूहाच्या ओपनएक्सआर या मानकाची (खेळ आणि व्हीआर हेडसेट यांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचे सामाईक नियम) अंमलबजावणी करणाऱ्या मोनॅडो प्रकल्पावर ते उभे आहे. खेळाचे चित्र संगणकात तयार होते, व्हिडिओच्या रूपात वायफायवरून हेडसेटपर्यंत जाते आणि डोक्याच्या हालचालीची माहिती उलट वाटेने परत येते.

म्हणूनच सर्वांत आधी लक्ष द्यावे ते नेटवर्ककडे. संगणक राउटरला केबलनेच जोडावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, शक्यतो राउटर असलेल्याच खोलीत वापरावा. चित्र अडखळू लागले की लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात, पण माझ्या मते आधी वायफाय तपासणेच योग्य.

संगणकावर फ्लॅटहब या लिनक्स अ‍ॅपच्या भांडारातून वायव्हर्न घ्यावे, हेडसेटवर त्याचेच अ‍ॅप बसवावे. पहिल्या जोडणीच्या वेळी संगणकाच्या पडद्यावर दिसणारा पिन हेडसेटमध्ये भरावा लागतो, त्यामुळे हेडसेट डोळ्यांवर चढवण्यापूर्वीच तो पिन नीट वाचून ठेवावा. हेडसेटवरच्या यादीत संगणकाचे नावच दिसत नसेल, तर नेटवर्कवरची उपकरणे एकमेकांना शोधून देणारी अवाही ही सेवा संगणकावर चालू आहे का ते पाहावे आणि फायरवॉलमध्ये ९७५७ हा पोर्ट (नेटवर्कवरून ये-जा करण्याचे क्रमांकित दार) टीसीपी व यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी खुला करावा.

खेळ मात्र हेडसेट जोडले गेल्यावरच सुरू करावा. ओपनएक्सआरऐवजी जुन्या ओपनव्हीआर पद्धतीवर चालणाऱ्या खेळांसाठी, त्यांच्या सूचना ओपनएक्सआरमध्ये बदलून देणारा एक्सरायझर हा दुभाष्या सोबत लागतो.