मुलाच्या हालचालींची वही: स्वमग्न मूल हात का फडफडवतं हे कसं शोधावं

कुकरची शिट्टी झाली, पाहुणे आले किंवा आवडीचं गाणं लागलं, की मुलाचे हात फडफडू लागतात. कुणीतरी दटावतं, “हात खाली!” मूल क्षणभर थांबतं आणि चवड्यांवर उड्या मारायला लागतं. गरज तशीच राहिली, नुसती हातातून पायात उतरली. म्हणून दटावणं बाजूला ठेवा आणि एक वही घ्या.

१. आठवडाभर फक्त लिहा. चार रकाने पुरेत: वेळ, आधी काय घडलं, हालचाल कशी आणि किती वेळ, नंतर काय झालं. “खूप करतो” असं लिहू नका. “संध्याकाळी ७, मिक्सर लावला, कानावर हात, पुढे-मागे डुलला, मिक्सर बंद केल्यावर दोन मिनिटांत थांबला” असं लिहा. पाचसहा दिवसांत धागा दिसू लागतो. एकच मूल आनंदात हात फडफडवतं, गोंगाटात डुलतं आणि कंटाळ्यात गिरक्या घेतं, असंही निघतं. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेली बरीच मुलं अशा हालचालींतून शरीराला हवी ती जाणीव मिळवतात किंवा नको असलेली मागे सारतात.

२. मोबाइलवर चित्रण करा. अर्धा मिनिट बास, पण पाय आणि आजूबाजूची खोलीही दिसू द्या. डॉक्टरांसमोर मूल नेमकं तेच करत नाही, हा बहुतेक पालकांचा अनुभव.

३. हा झटका (फिट) तर नाही ना, ते पाहा. नाव घेऊन हाक मारा, खांद्याला हात लावा, आवडीची वस्तू पुढे धरा. लक्ष वळून हालचाल मोडली, तर बहुधा ती सवयीची. पण नजर खिळलेली, पापण्या लवताहेत, प्रतिसाद शून्य, किंवा तान्हं बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं आखडतंय, तर वही मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऑटिझम असलेल्या मुलांत अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं, प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

४. चवड्यांवरची चाल तपासा. चालायला शिकताना पुष्कळ मुलं काही काळ अशी चालतात. वयाच्या दोन वर्षांनंतरही ती टिकली तर डॉक्टरांना दाखवायला हवं. घरची सोपी पाहणी म्हणजे मुलाला उकिडवं बसवणं. टाचा जमिनीला टेकत नसतील तर पोटऱ्या आखडल्या असण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर टाचेमागची शीर आखूड होत जाते. गार फरशी, चटई, गवत यांवर चाल बदलते का, तेही टिपा. बदलत असेल तर तळपायाच्या स्पर्शाशी संबंध असू शकतो. मात्र एकाच पायाची टाच उचलली जात असेल, किंवा आधी नीट चालणारं मूल नंतर असं चालू लागलं असेल, तर कारण वेगळं असू शकतं, थांबू नका.

५. शरीराला काम द्या. व्यावसायिक उपचारतज्ज्ञ, म्हणजे बोलीतले ‘ओटी’, स्नायूंना जोर लावणारी कामं सुचवतात. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही: अर्धा भरलेला धान्याचा डबा ढकलणं, कणीक मळणं, झेपेल एवढी बाजाराची पिशवी उचलणं. शाळेची गाडी येण्याआधी दहा मिनिटं हे करून पाहा. झोपाळा संथ, सरळ पुढे-मागे असेल तर अनेक मुलं निवतात. गरगर फिरवलं तर काही उलट चेकाळतात, म्हणून झोपेच्या वेळी गिरक्या नकोत. ढोल-ताशांच्या दिवसांत कान झाकणारे हेडफोन जवळ असू द्या.

निरुपद्रवी फडफड मात्र राहू द्या. लोक बघतात, ही आपली अडचण आहे, मुलाची नव्हे.

६. इजा होत असेल तर. डोकं आपटणं, हात चावणं सुरू असेल तर मध्ये उशी सरकवा, आवाज कमी करा, बोलणं आवरा. हे अचानक नव्यानं सुरू झालं असेल तर कान, दात, बद्धकोष्ठता आधी तपासून घ्या. बोलता न येणारं मूल दुखणं असंही सांगतं.

७. वही घेऊन जा. नुसत्या फडफडीवरून स्वमग्नता ठरत नाही. हाकेला ओ देणं, बोट दाखवणं, नजर मिळवणं हेही पाहतात. अनेक जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयाशी जोडलेलं डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र कुठे आहे, हे अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.