जनरेटर चालू, पण व्होल्टेज नाही: माझा अनुभव

आमचा 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर (ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, आणि एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं सर्किट, असलेला) उन्हाळाभर पडवीत झाकून पडला होता. पहिल्या पावसात लाईट गेली, दोरी ओढली, इंजिन झकास सुरू. पण सॉकेटवर मल्टिमीटर जेमतेम 1 व्होल्ट दाखवी. एमसीबी खाली-वर केला, ब्रश पॉलिश पेपरने घासले, शेवटी नवा एव्हीआरही घातला. पैसे गेले, अंधार तसाच.

पडून राहिल्याने रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं. ते नसलं की एव्हीआरला सुरुवातीची वीजच मिळत नाही.

मग असं केलं. इंजिन बंद, घराकडे जाणारी वायर काढलेली. मागचं झाकण उघडून ब्रशवरच्या दोन्ही पिना काढल्या; आधी फोटो घेतला, कारण प्लस-मायनस उलटं करून चालत नाही. दोन ब्रशमधला रेझिस्टन्स 52 ओहम, म्हणजे वाइंडिंग (रोटरवरची तारेची गुंडाळी) शाबूत. 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसच्या ब्रशला, मायनस दुसऱ्याला, फक्त 4-5 सेकंद. सोडवताना बारीक ठिणगी उडते, पेट्रोल जवळ नको. पिना जागच्या जागी, झाकण बंद, लोड न जोडता इंजिन सुरू.

मीटरवर 228.