ट्रकचा सायलेन्सर पाइप जाम झालाय? घण उचलण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर कसारा घाट चढ-उतार केलेल्या गाडीचा सायलेन्सर दिवाळीनंतर उतरवायला घेतला, की क्लॅम्प सुटतो पण पाइप जागचा हलत नाही. तापल्या लोखंडावर उडणारं पाणी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आतलं आहे. १ लिटर डिझेल जळलं की जवळपास १ लिटर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. आग्रा रोडला लांब पल्ल्यावर धावणाऱ्या गाडीत ते बाहेर पडतं. नाशकातल्या नाशकात अंबड-आडगाव अशा छोट्या फेऱ्यांत किंवा मार्केट यार्डात कांद्याच्या रांगेत उभ्या गाडीत सायलेन्सर पुरता तापतच नाही आणि पाणी आतच साचतं. म्हणून कमी किलोमीटर झालेल्या गाडीचा जोडही पक्का जाम निघू शकतो.

क्लॅम्प निघाला म्हणजे जोड मोकळा झाला, असं समजणं

जोडात एक पाइप दुसऱ्यात सरकवलेला असतो आणि वरून क्लॅम्प आवळलेला असतो. यू-बोल्ट क्लॅम्प जास्त आवळला असेल, तर बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पाइपांना एकाच जागी खाच पडते. मग पाइप गंजाने नाही, त्या खाचेने अडकलेला असतो. तिथे तेल आठवडाभर सोडलं तरी फरक पडत नाही. क्लॅम्प काढल्यावर जोडावरून बोट फिरवा. खळगा लागला, तर ओढाओढीत वेळ घालवू नका. बाहेरचा पाइप कापून उघडावाच लागेल.

काय वाचवायचं हे न ठरवता काम सुरू करणं

सायलेन्सर बदलायचा आणि पुढचा पाइप ठेवायचा, की उलट? हे आधी ठरवा. जो भाग भंगारात जाणार आहे, त्यालाच कापायचं, ठोकायचं. निम्म्या गॅरेजांत हा प्रश्न दोन्ही तुकडे वाकडे झाल्यावर विचारला जातो.

तेल मारून लगेच गॅस लावणं

गंज सोडवणारं तेल चिरेत झिरपायला वेळ घेतं. आदल्या संध्याकाळी मारा, सकाळी पुन्हा मारा, मध्ये हातोडीने जोडाभोवती हलके ठोके द्या. ओल्या तेलावर ज्योत धरली तर भडका उडतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत नेऊच नका. काही क्लीनरमधल्या क्लोरीनमुळे तापल्यावर विषारी वायू होतो.

दोन्ही पाइप सारखेच तापवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. १०० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप ५०० अंश सेल्सिअसने तापला, की त्याचा व्यास साधारण ०.६ मिलिमीटरने वाढतो. गंजाची पकड सुटायला एवढं पुष्कळ आहे, पण आतला पाइप थंड असला तरच. बारीक ज्योत एकाच जागी पाच मिनिटं धरली, तर उष्णता आत पोहोचते, दोन्ही फुगतात आणि जोड होता तसाच राहतो. मोठी ज्योत घ्या, फक्त बाहेरचा पाइप, जोडाचा सगळा घेर भराभर फिरून सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवा, आणि लगेच चेनपाना लावून डावी-उजवीकडे फिरवा. आधी फिरवायचं, फिरला की निघतो. पहिल्या खेपेला नाही सुटला, तर निवू द्या. लाली गेली, पण हात लावता येणार नाही इतका गरम असताना मेणबत्ती टेकवा, मेण वितळून चिरेत ओढलं जातं. मग पुन्हा तापवा.

ज्योत लावण्याआधी वर-खाली बघा. एअर ब्रेकच्या नायलॉन नळ्या, वायरिंग, डिझेलची टाकी, युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी यांना ओल्या गोणपाटाची किंवा पत्र्याची आड द्या, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. बेलोवर, म्हणजे पाइपातल्या लवचीक घडीच्या तुकड्यावर, तर गॅस फिरवूच नका.

टर्बोवर जोर देणं

लांब पाइप अडकवून झटके दिले, की तो ताण थेट टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यावर, जातो. आधी बेलोकडचा जोड सोडा, सायलेन्सरखाली जॅक आणि लाकडी फळी द्या, मगच रबरी माउंटिंग काढा. टर्बोचं तोंड उघडं राहिलं तर कापडाने झाका, आणि जोडताना ते कापड काढा. विसरणारे असतात.

बीएस-६ गाडीवर घण घालणं

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ प्रदूषण नियमांच्या गाडीत तो नुसता सायलेन्सर नाही. आत सिरॅमिकची जाळी असते, घणाच्या एका ठोक्याने तडकते आणि त्या डब्याची किंमत साध्या सायलेन्सरच्या कितीतरी पट आहे. सेन्सरचे कनेक्टर आधी सोडा. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी काढा, पण इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून. युरियाचा पंप तेवढ्या वेळात लाइन रिकामी करतो.

फ्लँजच्या नटवर बारा कोनी पाना

फ्लँज म्हणजे पाइपाच्या तोंडाची, नट-स्टडने जोडायची कडा. तिथल्या गंजलेल्या नटचे कोपरे झिजलेले असतात. सहा कोनी सॉकेटच घ्या. नट फिरत नसेल तर नट तापवा, स्टड नाही. स्टड तुटलाच, तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डची उष्णताच अर्धं काम करते.

सगळं करून जोड सुटला नाही, तर ग्राइंडरच्या १ मिलिमीटरच्या चकतीने बाहेरच्या पाइपवर समोरासमोर दोन उभे काप घ्या, जोड संपतो तिथपर्यंत. पाइपची जाडी साधारण दीड-दोन मिलिमीटरच असते, म्हणून शेवटचा पापुद्रा कापायचा नाही, छिन्नीने उचकटायचा. चष्मा आणि हातमोजे घाला, कारण गरम कीस डोळ्यात उडतो.

बसवताना आतल्या पाइपचा गंज पॉलिश पेपरने साफ करा, जोडावर जास्त तापमानाची निकेल किंवा तांब्याची अँटी-सीज (जोड जाम होऊ न देणारी) पेस्ट पातळ लावा, पॅकिंग आणि नट नवे घ्या. माउंटिंगमध्ये पाइप नीट बसल्यावरच क्लॅम्प आवळा; आधी आवळला, तर पाइप ताणात राहून बेलो चिरतो. पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की क्लॅम्प पुन्हा तपासा. जोडाभोवती काळी काजळी दिसली, तर तिथून धूर गळतोय.