ड्रम गाडीत चढण्याआधी

ऑर्डर पक्की झाली की आपल्याकडे पहिला फोन ट्रान्सपोर्टवाल्याला जातो. कोल्हापूरची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सवय तीच. घातक रसायनाचे ड्रम पाठवायचे असतील तर हा फोन सगळ्यात शेवटी करा. गाडी एकदा दारात उभी राहिली की ड्रायव्हरची घाई, हमालांची घाई, आणि मग हाताला लागेल तो ड्रम भरला जातो. हातात आठवडा तरी ठेवा आणि सुरुवात कागदापासून करा.

कागद म्हणजे मालाची सेफ्टी डेटा शीट, मालाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारी. तिचे सोळा भाग असतात, त्यातला चौदावा भाग वाहतुकीचा. यूएन नंबर (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला त्या मालाचा चार आकडी नंबर), वाहतुकीसाठी ठरलेलं अधिकृत नाव, धोक्याचा वर्ग आणि पॅकिंग ग्रुप या चार गोष्टी तिथून वहीत उतरवून घ्या. पॅकिंग ग्रुप एक म्हणजे सगळ्यात जास्त धोका, तीन म्हणजे सगळ्यात कमी. आपण आपापसात ‘रेझिन’ आणि ‘हार्डनर’ म्हणतो, पण ड्रमवर ही नावं चालत नाहीत. फाउंड्रीत साचे बांधायला लागणाऱ्या फ्युरान रेझिनमधलं फरफ्युरिल अल्कोहोल वेगळं पाठवलं तर त्याचा नंबर २८७४, वर्ग ६.१, म्हणजे विषारी. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा माल, बहुधा टोल्युइन सल्फॉनिक अ‍ॅसिडचं द्रावण असतं. त्यात मोकळं सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाच टक्क्यांपर्यंत असेल तर नंबर २५८६ आणि पॅकिंग ग्रुप तीन. पाच टक्क्यांच्या वर गेलं की नंबर २५८४ होतो आणि पॅकिंग ग्रुप दोन. बॅच बदलली की लॅबला हा आकडा पुन्हा विचारा. मागच्या वेळचा कागद डोळे झाकून जोडू नका, कारण पुढची सगळी निवड याच आकड्यावर उभी आहे.

आता ड्रम. गोलात उभे मांडलेले यू आणि एन आणि त्यापुढे इंग्रजी अक्षर-आकड्यांची एक ओळ, हा शिक्का ज्या ड्रमवर नाही तो बाजूला काढा. ही ओळ वाचायला गोडाऊनमधल्या प्रत्येकाला शिकवा, अर्ध्या तासाचं काम आहे. समजा लिहिलंय १ए१/वाय१.४/१५०/२५. पहिला एक म्हणजे ड्रम, ए म्हणजे पोलाद, शेवटचा एक म्हणजे डोकं न निघणारा, फक्त बुचं असलेला. पूर्ण झाकण निघत असेल तर तिथे दोन येतो. प्लॅस्टिकला ए-ऐवजी एच. वाय म्हणजे पॅकिंग ग्रुप दोन आणि तीनच्या मालाला चालेल. एक्स तिन्हींना चालतो, झेड फक्त तीनला. ही अक्षरं ड्रम आपटून मिळवलेली असतात: पाण्याइतक्या किंवा १.२ पर्यंत ग्रॅव्हिटीच्या (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या किती पट जड) मालासाठी पॅकिंग ग्रुप एकला १.८ मीटरवरून, दोनला १.२ मीटरवरून आणि तीनला ०.८ मीटरवरून. ट्रकच्या फाळक्यावरून ड्रम घसरला तर साधारण १.२ मीटरवरूनच पडतो, म्हणून या अक्षराकडे दुर्लक्ष करू नका. पुढचा १.४ म्हणजे किती ग्रॅव्हिटीच्या द्रवासाठी चाचणी झाली तो आकडा, १५० म्हणजे आतून दिलेला पाण्याचा दाब किलोपास्कलमध्ये, २५ म्हणजे बनवल्याचं साल. दाबाऐवजी एस दिसला तर तो ड्रम घन मालाचा आहे. पावडर, फ्लेक्स भरा, द्रव नको. आपल्याकडच्या ड्रमवर पुढे देशाची खूण आणि बनवणाऱ्याची खूण असते. शंभर लिटरच्या वरच्या नव्या लोखंडी ड्रमच्या तळालाही ही माहिती पत्र्याच्या जाडीसकट ठोकलेली असते. वरचा रंग खरवडला गेला असेल तर ड्रम उलटा करून तळ वाचा.

ग्रॅव्हिटीच्या आकड्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसला जाणारी कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण, घ्या. नंबर १८२४, पॅकिंग ग्रुप दोन, आणि पन्नास टक्क्यांची लाय म्हणजे ग्रॅव्हिटी दीडच्या आसपास. दोनशे लिटरमध्ये तीनशे किलो माल बसतो. वाय१.२ लिहिलेला ड्रम दिसायला अगदी तसाच असतो, पण तो या वजनासाठी आपटून पाहिलेला नाही. त्याच प्रोसेसला जाणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, वीस ते साठ टक्क्यांचं, नंबर २०१४, आतल्या आत ऑक्सिजन सोडत राहतं. त्याला व्हेंटवालंच, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारं बूच लागतं. घट्ट बूच लावलं तर ड्रम फुगतो. आणि व्हेंट आहे म्हणून त्या ड्रमवर समोरासमोर दोन बाजूंना ‘ही बाजू वर’ सांगणारे बाण लागतात. साध्या बंद ड्रमला हे बाण बंधनकारक नाहीत.

प्लॅस्टिकच्या ड्रमवर महिनाही असतो, बहुतेक वेळा घड्याळासारख्या गोल ठशात. या ड्रमचं आयुष्य बनवल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षं. मालाच्या स्वभावामुळे त्याहून कमी ठरलेलं असेल तर कमी. रीकंडिशन केलेला, म्हणजे साफ करून पुन्हा वापरायला तयार केलेला ड्रम घेत असाल तर त्यावर आर आणि रीकंडिशन केल्याचं साल आहे का बघा, आणि जुनी लेबलं, जुने नंबर पुरते निघालेत का तेही. रिकामा पण न धुतलेला ड्रम भरलेल्याइतकाच घातक धरतात, त्यावरचं लेबल तसंच राहू द्या. इथे एक मनातलं बोलतो. आपल्या गावागावांत अ‍ॅसिडची, रेझिनची पिंपं भंगारातून घेऊन घरात पिण्याचं पाणी साठवतात. स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून घेतात. आपल्या गेटमधून बाहेर पडलेलं पिंप कुठल्या तरी घराच्या मोरीत जाऊ शकतं, हे लक्षात ठेवून रिकामे ड्रम फक्त रीकंडिशनरलाच द्या किंवा भोकं पाडून सोडा. भोकं पाडायची ती धुऊन आतली वाफ घालवल्यावरच. ज्वालाग्राही मालाच्या ड्रमला ड्रिल किंवा कटर लावून माणसं गेली आहेत.

भरताना काठोकाठ भरू नका. ५५ अंशांवरही ड्रम पूर्ण भरलेला नसावा, हा नियम आहे, आणि मे महिन्यात ताडपत्रीखाली काय तापतं ते आपण जाणतोच. बुचाचा वॉशर मालाला चालणारा आहे ना, तो बघा. बूच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने आवळा, ड्रम बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर. हातोड्याने ठोकून बसवलेलं बूच आटे खातं. भरलेले ड्रम रात्रभर उभे ठेवा आणि सकाळी बुचाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा. ओल दिसली की तो ड्रम थांबवा.

लेबलाच्या बाबतीत एकदा मी चांगलाच पोळलो. ऑफिसच्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापून वरून चिकटपट्टी मारली होती. जुलैचा महिना, घाटात पाऊस, न्हावा-शेवा बंदरात ड्रम पोहोचले तेव्हा अर्ध्यांवर फक्त ओला लगदा होता. माल परत आला. समुद्रातून जाणाऱ्या मालाचं लेबल तीन महिने खाऱ्या पाण्यात राहूनही वाचता आलं पाहिजे, ते कागदाचं काम नव्हे. प्लॅस्टिकचं घ्या. शंकरपाळीसारखं टोकावर उभं, बाजू १०० मिलिमीटर. त्याच्या शेजारी यूएन नंबर आणि अधिकृत नाव. तीस लिटरच्या वरच्या ड्रमवर नंबराची उंची किमान १२ मिलिमीटर. जलचरांना घातक माल असेल तर मासा आणि झाडाची खूणही. सगळं ड्रमच्या अंगावर लावा, झाकणावर नको, कारण झाकण बदललं जातं. चार ड्रम पॅलेटवर घेऊन प्लॅस्टिक गुंडाळलं आणि लेबलं दिसेनाशी झाली, तर बाहेरून तीच लेबलं पुन्हा लावा आणि ‘ओव्हरपॅक’ हा शब्द इंग्रजीत लिहा.

गाडीत रेझिन आणि हार्डनर शेजारी ठेवू नका. फरफ्युरिल अल्कोहोलमध्ये अ‍ॅसिड थेट मिसळलं की ते भडकून उकळतं. फाउंड्रीवाले दोन्ही एकत्र मागवतात, म्हणून मोह होतो. मी दोन खेपा करतो. भाडं जास्त जातं, त्याचं मला वाईट वाटत नाही. फळीतून वर आलेले खिळे ठोकून घ्या, ड्रम उभे ठेवा, बुचं वर, पट्ट्याने बांधा.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितल्याशिवाय गाडी बोलावू नका. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. २०१९ला आणि २०२१ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि गाड्या जागच्या जागी अडकल्या. पातळी चढत असेल तर ड्रम उंच जोत्यावर, गोडाऊनमध्येच राहू देत.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हरच्या लायसन्सवर घातक माल वाहण्याची नोंद लागते, गाडीवर आपत्कालीन माहितीची पाटी लागते आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे गळती-अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड. कार्ड नुसतं हातात देऊन चालत नाही. ड्रायव्हर दादा हुबळीकडचे असतील तर कन्नडमध्ये, यूपीचे असतील तर हिंदीत, समोर बसवून सांगा आणि गळती झाली तर काय करणार ते त्यांच्याच तोंडून ऐका. पाटीवर तुमचा जो फोन नंबर आहे, त्यावर आदल्या रात्री दोन वाजता स्वतः फोन लावा. कोणी उचलला आणि मालाचं नाव नीट सांगितलं, तर सकाळी गाडी सोडा.