जावा आरएमआय वापरून छोटं वितरित वेब ॲप्लिकेशन कसं उभारावं

वाचनालयातल्या पुस्तकांच्या नोंदी एका संगणकावर, वेब सर्व्हर दुसऱ्या संगणकावर आणि वाचकाकडे फक्त ब्राउझर, अशी रचना गृहीत धरू. सर्व्हलेट, म्हणजे वेब सर्व्हरवर विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम, दूरच्या ऑब्जेक्टची मेथड अशी बोलावतो, जणू तो शेजारीच आहे. ही सोय म्हणजेच आरएमआय (रिमोट मेथड इन्व्होकेशन), आणि ती जावात १९९७ पासून आहे. पण मधे नेटवर्क आहे हे विसरून चालत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच हे बजावलं होतं.

म्हणून सुरुवात इंटरफेसपासून, आणि इथे घाई नको. इंटरफेस ‘रिमोट’ला एक्स्टेंड करतो आणि त्यातली प्रत्येक मेथड ‘रिमोट एक्सेप्शन’ जाहीर करते. नाव, लेखक, शिल्लक प्रती यांसाठी तीन वेगळ्या मेथड लिहाल, तर एका पानासाठी नेटवर्कवर तीन फेऱ्या होतील. त्याऐवजी ‘पुस्तक शोधा’ ही एकच मेथड ठेवा आणि तिने सगळी माहिती एका सिरियलायझेबल (बाइट्समध्ये बदलून नेटवर्कवरून पाठवता येणाऱ्या) ऑब्जेक्टमध्ये परत द्यावी. इंटरफेस आणि हा माहितीचा क्लास वेगळ्या जार फाइलमध्ये बांधा. ती दोन्हीकडे लागते.

आता सर्व्हर. प्रत्यक्ष काम करणारा क्लास लिहा, तो ‘युनिकास्ट रिमोट ऑब्जेक्ट’ने एक्स्पोर्ट करा, त्याच प्रोग्रॅममध्ये १०९९ पोर्टवर रजिस्ट्री (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी नोंदवही) सुरू करा आणि ऑब्जेक्ट तिथे नावाने नोंदवा. स्टब, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टचा बोलावणाऱ्याकडचा प्रतिनिधी, तयार करण्याची जुनी आरएमआयसी आज्ञा आता लागत नाही. जेडीके १५ मध्ये ती काढूनच टाकली आहे. आरएमआय एकाच वेळी अनेक थ्रेडमधून मेथड चालवू शकतं. शेवटची प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली, तर ती दोघांनाही मिळू नये, म्हणून प्रत देणारी मेथड ‘सिंक्रोनाइज्ड’ (एका वेळी एकाच थ्रेडला चालवता येणारी) हवी.

वेबची बाजू सोपी आहे. सर्व्हलेट रजिस्ट्रीतून स्टब मिळवतो, मेथड बोलावतो, एचटीएमएल पाठवतो. सर्व्हलेट चालवणारा वेब सर्व्हर म्हणून टॉमकॅट घ्या; त्याच्या आवृत्ती १० पासून ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ पॅकेजेस वापरावी लागतात. स्टब पहिल्या विनंतीला मिळवून जपून ठेवा. सर्व्हर नव्याने सुरू झाला की जुना स्टब निकामी होतो. एक्सेप्शन आलं की रजिस्ट्रीकडून नवा स्टब घ्या. पण ‘प्रत द्या’सारखी मेथड आंधळेपणाने पुन्हा बोलावू नका. पहिला कॉल कदाचित पूर्ण झालेला असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल.

वॉर फाइल (एकत्र बांधलेलं वेब ॲप्लिकेशन) टॉमकॅटच्या ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये टाकली की ॲप्लिकेशन चढतं. खरी अडचण दोन यंत्रं वेगळी झाल्यावर येते. डेबियन किंवा उबुंटूवर यंत्राचं नाव बऱ्याचदा १२७.०.१.१ या पत्त्याशी जोडलेलं असतं. तोच पत्ता स्टबमध्ये जातो आणि टॉमकॅट स्वतःच्याच यंत्राकडे ऑब्जेक्ट शोधत बसतो. त्यामुळे सर्व्हर सुरू करताना ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या सेटिंगमध्ये खरा पत्ता द्या. ऑब्जेक्टचा पोर्टही निश्चित करा, उदाहरणार्थ ११००, नाहीतर दर वेळी नवा पोर्ट निवडला जाईल आणि फायरवॉल तो अडवेल. हे दोन्ही पोर्ट फक्त टॉमकॅटच्या यंत्रासाठीच उघडा. इंटरनेटवर ते मुळीच उघडू नका, कारण बाहेरून आलेला सिरियलाइज्ड डेटा घातक ठरू शकतो.

शेवटी पान उघडं असताना नोंदींचा सर्व्हर बंद करून पाहा. वाचकाला स्वच्छ मराठीत ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ असं दिसलं पाहिजे, आणि सर्व्हर परत सुरू केल्यावर टॉमकॅटला हात न लावता पान चाललं पाहिजे.