कॉपी केलेलं आधीचं परत हवंय?

प्रवासखर्चाचा फॉर्म भरताना तिकीट क्रमांक कॉपी करा, फॉर्मवर या, पेस्ट करा. मग हॉटेलच्या बिलाची रक्कम, पुन्हा तेच. एक नवं कॉपी केलं की आधीचं गेलं! दोन खिडक्यांमधल्या या येरझाऱ्या मी कित्येक वर्षं घातल्या.

विंडोज १० किंवा ११ असेल तर असं करा:

१. विंडोजची खूण असलेलं बटण धरून व्ही दाबा. पहिल्यांदाच असेल तर ‘टर्न ऑन’ विचारेल, त्यावर क्लिक करा.
२. आता तिकीट क्रमांक, तारीख, रक्कम असं सगळं एकामागून एक कंट्रोल-सीने कॉपी करून घ्या.
३. फॉर्मच्या रकान्यात कर्सर ठेवून पुन्हा विंडोज-व्ही. यादी उघडेल, हवं त्यावर क्लिक केलं की पेस्ट.

यादीत शेवटच्या २५ गोष्टी राहतात, स्क्रीनशॉटसुद्धा. संगणक रीस्टार्ट केला की ती पुसली जाते. ऑफिसचा पत्ता, जीएसटी क्रमांक असं रोज लागणारं मात्र टाचणीच्या खुणेवर क्लिक करून ठेवा, ते टिकतं. मला खरा उपयोग याचाच झाला.

एक जपा: कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती देण्याआधी किंवा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करण्याआधी ‘क्लिअर ऑल’ दाबा. टाचलेलं त्याने जात नाही, म्हणून पासवर्ड कधीच टाचू नका.