मुलांसाठी पारदर्शक गल्ला
मातीच्या गल्ल्यात किती साठलं ते दिसत नाही, म्हणून मुलांचा उत्साह लवकर मावळतो. त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या.

१. झाकणाला ३० मिलिमीटर लांब, ४ मिलिमीटर रुंद खाच पाडा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. खाच आखूड झाली की ते अडकतं. हे काम मोठ्यांनीच करावं, कडा पॉलिश पेपरने घासाव्यात.

२. हव्या असलेल्या वस्तूचं चित्र मुलालाच काढू द्या. १५० रुपयांची रंगपेटी असेल तर चित्रात १५ चौकोन आखा. दहा रुपये पडले की एक चौकोन रंगवायचा. सुरुवात सायकलपासून नको. महिन्याभरात जमेल अशीच वस्तू निवडा.

३. चित्र बरणीच्या एकाच बाजूला चिकटवा, नाणी दिसायला हवीत.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बरणी उंचावर ठेवा. नाणं घशात अडकू शकतं.